झडप कधी लावायची

नववीचा वर्ग. बाहेर उणे अठरा.
हान्याच्या टेकड्यांवर दुपारी तीनलाच दिवस मिटतो.
मी धुराडी साफ करणारी, शिकवणं माझं काम नव्हे.
पण मुख्याध्यापक तावेत म्हणाले,
मुलांना लिहायला लाव: भट्टी कशी पेटवायची,
एवढंच. पायरी पायरीने.

राग्नेचा कागद सगळ्यांत आधी आला.
"लाकडं ठेवा. पेटवा. मग झडप लावा."
मी भट्टीपुढे बसले, कागद म्हणेल तसं केलं.
लाकडं ठेवली, दारातल्या ढिगातली, ओली, बर्फासकट.
कोरडी घ्या असं कुठं लिहिलं होतं?
पेटवा. कशाने? मी नुसती बघत बसले.
वर्ग हसला. राग्ने लाल झाली, काडेपेटी लिहून आली.
उकूने लिहिलं, "वर्तमानपत्र घाला."
मी घडीसकट अख्खं घातलं.
"अहो, चुरगळून!"
मला नको सांगू, म्हटलं, कागदाला सांग.
झडप आधी उघडा, हे तर कोणीच लिहिलं नव्हतं.
सगळे खोकले. खिडक्या उघडाव्या लागल्या.

समजा मी इथे नाही, तूही नाहीस.
कोणी एक आहे, रात्री उशिरा पोचलेला,
बोटं बधिर, घर परकं,
आणि हातात तुझा एवढा चतकोर कागद.

पेन्सिली कुरकुरल्या.
"चार लाकडं, मनगटाएवढी जाड."
कोणाच्या मनगटाएवढी?
एग्लेने आपलं मनगट बघितलं, माझं बघितलं,
लिहिलेलं खोडलं.

एक शब्द मात्र प्रत्येक कागदावर तसाच उरला.
मग.
मग झडप लावा.
गोष्टीत चालतो तो, मग राजा म्हणाला, मग अस्वल आलं.
भट्टीपुढे मग म्हणजे कधी?
जेवण झाल्यावर? ऊब आल्यावर?
डोळे मिटायला लागल्यावर?
ऊब निसटू नये म्हणून माणूस घाई करतो,
आणि आत जो वायू कोंडतो
त्याला रंग नाही, वास नाही,
दार वाजवून येण्याची रीत नाही.

ताइमो मागच्या बाकावर. त्याचा कागद शेवटी आला.
गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या घरची झडप मीच तपासली होती,
पोलीस अंगणात उभे असताना.
झडप उत्तम होती. तिचं काहीच बिघडलं नव्हतं.
भट्टीपाशी त्याच्या बापाचे बूट
अजून वाळत होते.

"निखाऱ्यांवर निळी ज्योत आहे तोवर झडप लावू नका.
सळईने निखारे पसरा. पुन्हा बघा.
दिवा मालवून बघा. उजेडात निळं दिसत नाही.
थंडी वाजली तर कोट घाला."

मी काही बोलले नाही.
सळईने निखारे पसरले. दिवा मालवला.
अंधारात पंधरा जणं वाकून बघत होती.
"गेली," उकू म्हणाला.
"कोपऱ्यात बघ," ताइमो म्हणाला.
होती. नखाएवढी.

घंटा झाली. बस असलेली दोघं निघाली.
बाकीच्यांनी
कोट घातले.