डब्यात ससा

नागपूरहून थर्माकोलचा डबा आला
एसटीच्या बोनेटवर, बर्फ अर्धा पाणी.
कंडक्टर म्हणाला, का आहे गा मॅडम, कुल्फी?
मी म्हटलं, ससा.

खोटं नव्हतं.
कुठल्याशा सशाच्या रक्तानं
शिकून घेतलेली एकच ओळख, थेंबभर:
पेशीच्या भिंतीतलं ते दार
ज्यातून जस्त आत येतं.
दुसऱ्या कशाला तो शिवत नाही.

काचेवर कापगत्यांच्या रेवाच्या आतड्याची चकती.
अंगावरचं दूध तुटलं
तसे तोंडाभोवती, बोटांच्या पेरांवर चट्टे.
बापाला एवढंच सांगितलं,
धानावर खैरा पडतो ना, तसं.

रात्रभर चार अंशावर.
साकोलीची लाईट दोनदा गेली,
मी फ्रिजला पाठ लावून बसले
कुणी उघडू नये म्हणून.

सकाळी शेजारच्या, निरोगी काचेवर
काठाकाठानं तपकिरी रेघ,
तळं आटल्यावर राहते तशी.
रेवाच्या काचेवर निळं.
पुन्हा पाहिलं. निळंच.

बाप बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, मोरी नाई त नाई,
वरच्या बांधीत पाणी भरून ठेवलं
तं खालची पाझरानं भिजते.

डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या लिहिल्या, जन्मभराच्या.
उरलेला ससा मी उणे वीसमध्ये ठेवला,
तारीख घालून.