घडाभर तेल

इल्मार्स, वाचला तुझा प्रस्ताव.
दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा
पैसे कशासाठी मागतोयस तेच सापडेना.

"आजच्या झपाट्याने बदलणाऱ्या जागतिक बाजारपेठेत" –
कुठली रे बाजारपेठ?
लिएपायाचा वारा खिडक्या खडखडवतोय,
खाली चौदा जणी शेवटच्या पाळीचे हात धुतायत,
आणि तू पहिल्याच ओळीत
सगळं जग बोलावून ठेवलंस.
खुर्च्या किती आहेत आपल्याकडे?

मग बाल्टिक समुद्राचा इतिहास.
मग "कटिबद्ध". मग पुन्हा "कटिबद्ध".
मग तुझे आजोबा, त्यांनी विटेवर वीट रचलेली धुराची भट्टी.
ते आवडलं मला.
तरी खोडलं.
नमनालाच घडाभर तेल!

नाताळाच्या गर्दीत तू स्वतः डबे भरतोस ना?
आधी स्प्रॅट,
दाटीवाटीने, डोक्याकडून शेपटीकडे.
तेल मागून. मोजून.
फटी बुजतील एवढंच.
झाकण उघडल्यावर नुसतं तेलच दिसलं
तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

रीगातल्या त्या बाईंच्या टेबलावर सोमवारी
असे चाळीस गठ्ठे असतील.
त्यांना नावं ठेवू नकोस.
त्यांचीही कॉफी निवते.

तू चिडलास. कोट चढवलास,
आणि दारात वळून म्हणालास,
"अहो स्काइद्रीते, जुनी भट्टी हा हिवाळा काढणार नाही,
दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.
एक लाख ऐंशी हजार युरो मिळाले तर सहा वर्षांत फेडू,
नाही मिळाले तर मार्चमध्ये कुलूप.
यापलीकडे सांगायचं तरी काय?"

काही नाही.
थांब तिथेच. हळू बोल,
पेन नीट उमटत नाहीये.

"कुलूप" तेवढं काढा म्हणालास, बँक घाबरेल.
नाही काढणार.
एकतीस वर्षं या खुर्चीत हिशेब लिहितेय,
वाईट आकडा तळाशी दडवला
की मेलेल्या माशासारखा
तोच आधी वर येतो.

आजोबांना पाचव्या पानावर नेलंय,
नव्या भट्टीच्या नकाशाशेजारी.
तिथे ऊब आहे त्यांना.

आता जा, बस चुकेल.
आणि हो,
दुसऱ्या पानावर एक "कटिबद्ध" अजून उरलाय.