तिथले अकरा

फाइलवर लिहिलं होतं: बेसो, वय तेरा.
वर्गात झोपतो. उत्तर देत नाही.
लक्ष नाही.
खाली शाळेचा शिक्का, जरा कलता,
त्यालाही डुलकी लागल्यासारखा.

माझ्या खोलीत दोन खुर्च्या, एक रेडिएटर
आणि खिडकीत चियातुराची नदी,
मँगनीज धुऊन धुऊन काळी पडलेली.
बेसो कोट न काढताच बसला,
उठायच्या तयारीनंच आलेल्या पाहुण्यासारखा.

मी कागद पुढे सरकवला.
मधे एक गोल काढ, म्हटलं, तो तू.
भोवती तुझी माणसं.
जवळची जवळ, लांबची लांब.

त्यानं मधे काढला चार्जर.
वायरीसकट, दोन्ही पिना नीट.
स्वतःला कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढं.
मग बराच वेळ पेन्सिल हवेत.
आणि कागदाबाहेर, माझ्या टेबलाच्या लाकडावर
एक ठिपका.
"आई," म्हणाला. "बोलोन्याला असते."

तिथे तिची एक म्हातारी आहे, सिन्योरा.
तिला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं.
सिन्योरा झोपते रात्री अकराला,
मग आई मोकळी.
तिथले अकरा म्हणजे इथले दोन.
हिवाळ्यातले दोन.

मी फाइल मिटली.
एक पोर रोज मध्यरात्र उलटेपर्यंत
आई कामावरून सुटायची वाट बघतं
आणि आम्ही लिहितो, लक्ष नाही.

शनिवारी लोखंडी पाळण्यात बसून वर गेले,
डोंगराच्या खांद्यावरच्या वस्तीत.
पाळणा मधेच थांबला, वाऱ्यात कुरकुरला,
मग जसं काही झालंच नाही असा चालू लागला.
या गावात आम्ही सगळे असेच वाढलो.

दार मुर्माननं उघडलं, बेसोच्या बापानं,
पापण्यांच्या मुळाशी खाणीची काजळी.
"डोक्यानं अधू आहे का हो पोरगा?"
नाही, म्हटलं. झोप कमी पडते.
तो हसला. मग स्वच्छ हात
पुन्हा एकदा धुऊन आला.
"मी रात्रपाळीला. मला कोण सांगणार?"

घरात रेंज नाही. रेंज आहे
खाली ओतारच्या भट्टीपाशी.
"कोण, बेसो?" ओतार म्हणाला,
विहिरीसारख्या भट्टीत कमरेपर्यंत वाकून
भिंतीला पाव थापता थापता.
"फोन पोत्याला टेकवून ठेवतो, मला पीठ मळू लागतो.
ईझा तिकडून ओरडते,
ओतार, मीठ जास्त घालतोस तू!
आठ वर्षं झाली, मीठ तेवढंच आहे."

म्हणजे कागदावर कोणी नव्हतं
तरी भट्टीपाशी होतं.
हे त्याला मी सांगितलं नाही.
त्यालाच सुचू दे.

मी फार काही केलं, असं नाही.
इतिहासाच्या त्सियालाबाईंकडे तीन खेपा घातल्या,
"उद्या सगळेच घोरतील" हे ऐकून घेतलं;
चाचणी पहिल्या तासावरून चौथ्यावर गेली.
व्यायामशाळेच्या मास्तरांनी न विचारता
गाद्यांच्या खोलीची किल्ली दिली.
मुर्माननं दिवसपाळी मागितली. मिळाली नाही.
ओतार अडीचला पोराला हाकलतो,
हातात गरम पाव देऊन.

ईझाला निरोप धाडला.
आठ दिवसांनी उत्तर आलं, कुजबुजत,
मागे कुणाचा तरी खोकला:
सिन्योरा दुपारीही झोपते, वीस मिनिटं.
पण तेव्हा मी झोपते.
मग नुसता श्वास, बराच वेळ.
मग, "बघते."

अहवालात एक रकाना असतो,
समस्या कोणाची?
दोन बोटं रुंद. त्यात मी लिहायला लागले:
बेसो, मुर्मान, ईझा, सिन्योरा, खाण, शाळेची घंटा,
आणि अक्षर बारीक करत करत
समासात शिरले.

परवा तो आला. कोट काढला,
रेडिएटरवर टाकला, बसल्या बसल्या झोपला.
मी उठवलं नाही.
टेबलावरचा ठिपका अजून आहे.
त्यावर मी कप ठेवत नाही.