यार्मिलासाठी, वहीत

यार्मिला, गोळ्यांचा डबा बुधवारपर्यंत भरलाय.
निळी आता अर्धीच द्यायची, डॉक्टरांनी बदलली.
तळघराच्या दाराची कडी वर बसवून घेतली,
खालची तो उघडायला शिकला.
(शिकला. हा शब्द लिहिला
आणि पेन जरा थांबलं.)

पहाटे तीनला उठतो. झगडू नकोस.
कोट घालू दे, टोपी हातात दे,
टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसव.
बाहेर धुक्यात साखरबीटाचे ट्रॅक्टर
कारखान्याच्या फाटकापर्यंत रांगेत उभे आहेत,
शेतकरी थंडीनं पाय आपटतायत.
एकेक वस्तू आण. मिठाची बरणी. इस्त्री. पाव.
तो तळहातावर घेतो, डोळे मिटतो,
आकडा सांगतो.

सुरुवातीला मी हसायचे.
मग एकदा त्याच्या पाठीमागे
स्वयंपाकाच्या काट्यावर पाव ठेवून पाहिला.
बारा ग्रॅमचा फरक.
बायकोचं नाव गेलं, मुलीचं येतं-जातं,
पण वजनकाट्यावरची एकतीस वर्षं
अजून मनगटात आहेत.
आकडा लिहून घे. मनानं काही खरडू नकोस, तो बघतो.
अख्ख्या मार्खफेल्डात कुणी म्हणणार नाही
की ग्राइनेकरनं कधी काटा मारला.

रोसविथा रविवारी आली होती, जर्दाळूचा केक घेऊन.
त्यानं उभं राहून तिला पावती दिली,
म्हणाला, बाई, पुढच्या गाडीला जागा करा.
ती मोटारीत बसून राहिली बराच वेळ.
इंजिन चालू नव्हतं.
मी पडदा ओढून घेतला.
तूही ओढत असशील.

माझं सांगायचं तर,
आईकडे शेजारीण जाते, सकाळ-संध्याकाळ.
शेजारणीला मी इथून पैसे पाठवते.
परवा फोनवर आईनं विचारलं, कोण बोलतंय?
लाइन खराब होती.
आमच्याकडे डोंगरात लाइन खराबच असते.

हां, एक राहिलं. मंगळवारी पहाटे
घरातल्या वस्तू संपल्या.
डबे, कात्री, बायबल, त्याचेच बूट, सगळं झालं,
तरी रांग संपेना. मग मी माझा हात दिला.
त्यानं डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
आणि आकडा सांगितला नाही.
म्हणाला, ही भरलेली गाडी झाली.
रिकामी करून परत आण, मग वजाबाकी.
मला कळेना, कुठे जाऊन रिकामी करू.
मी दारापर्यंत गेले,
तिथं उभी राहिले थोडी,
परत आले. तोवर तो झोपला होता बसल्याबसल्या,
टोपीसकट.

आज गुरुवार. सहाला मिनीबसवाला हॉर्न देईल,
आणि हॉर्न ऐकला की तो बाहेर येईलच,
चपला उलट्या घालून. येऊ दे.
आपल्या दोघींना तेवढीच तर दहा मिनिटं मिळतात,
त्यातली चार त्याची.
गेल्या खेपेला त्यानं माझी बॅग उचलली:
अठरा किलो दोनशे.
वहीत येतानाचा आकडा होता, एकोणीस तीनशे.
तो म्हणाला, अकराशे ग्रॅम माल उतरला,
आणि पेपर नॅपकिनवर पावती करून दिली, सहीसकट.
झोलनोपर्यंत मी बसमध्ये मोजत बसले:
आणलेली कॉफी, खसखशीचे रोल,
फाटलेला स्वेटर फेकला तो.
सातशेच्या वर काही जाईना.

तुझी बॅग आधी त्याच्या हातात दे,
नंतर घरात ने.
केस वाढलेत, कापून टाक, कात्री वरच्या खणात आहे.
दूध संपलंय.
आणायचं मी विसरले.