गंज

विन्को ब्रनेलिचने एक्केचाळीस वर्षं
रियेकाच्या गोदीत गंज खरवडला.
जहाज कोरड्यात उभं, पोट उघडं,
आणि हा पाळण्यात लोंबकळत, हातात पोलादी ब्रश.
घरी यायचा तेव्हा भुवयांतसुद्धा तांबूस भुकटी.
बायको दारातूनच ओरडायची, आधी बाहेर झटक स्वतःला.

समुद्राला उगीच शिव्या देतात, तो पोरीला सांगायचा,
लोखंड खाते ती हवा.
हीच, जी तू आत्ता ओढतेयस.

पोरगी आता सत्तेचाळीसची. यासेंका.
चढावर, इस्पितळामागच्या प्रयोगशाळेत
ती गंज बनवते.
इतका बारीक, की केसाच्या जाडीत
हजारो कण ओळीने झोपतील.
कुपीत दिसतो फक्त कोऱ्या चहाचा रंग.

सांगायला सोपं आहे.
गाठ हावरट असते, आंबट असते,
तिच्या पेशींत पेरॉक्साइड साचलेलं,
केस पिंगट करायला वापरतात तेच.
तिला लोखंडाचे चणे खायला घालायचे.
ती खाते.
आणि आत जन्मतो प्राणवायूचा एक पिसाळलेला तुकडा,
सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरता,
समोर येईल ते फाडतो,
संपतो.

प्राणवायू.
ज्याने हे नाव ठेवलं
त्याने एकच बाजू पाहिली असणार.

चौदा नंबरच्या उंदराची गाठ
वाटाण्याएवढी होती, मुगाएवढी झाली.
यकृत मात्र काळवंडलं.
दोन्ही ओळी तिने वहीत सारख्याच अक्षरात लिहिल्या,
मग दिवा न घालवताच निघाली.

रविवारी डोंगरावरून बुरा सुटला होता,
खिडक्यांच्या फळ्या आपटत होत्या.
विन्को खुर्चीत. नाकात नळी,
पायाशी घरघरणारं यंत्र.
फुप्फुसावरची सावली जानेवारीत कळली होती.

"ते तुझं औषध," तो म्हणाला, "मला?"
"नाही, बाबा."
"कधी?"
"दहा वर्षं. पंधरा. कदाचित कधीच नाही.
उंदरांचंच अजून धड जमत नाहीये."

त्याने मान हलवली, जसा तो
मुकादमाने ओव्हरटाइम नाकारल्यावर हलवायचा.
मग म्हणाला, दाखव तरी.

तिने पर्समधून कुपी काढली. आणायची नसते, आणली होती.
त्याने उजेडात धरली, तिरपी केली, बूच काढलं,
नळी बाजूला सारून
वास घेतला.
बराच वेळ घेतला. ओठ निळसर होऊ लागले,
तिने नळीकडे हात नेला.

"खरा आहे," तो म्हणाला.
"कुठल्या जहाजाचा?"