रोजच्याला

शोरूममधल्या पोरानं विचारलं, मॅडम, कोणता रंग?
म्हटलं, अक्कलकोट रोडच्या धुळीचा आहे का?
तो हसला नाही.
बटण दाबून त्यानं छप्पर सरकवलं,
एप्रिलात, भर दुपारी, सोलापुरात
मला आकाश दाखवलं.

आकाश नको होतं मला.
पहाटे पाचला पहिल्या किल्लीत जागं होणारं काहीतरी हवं होतं,
तीनशे कडक भाकऱ्या, सहा किलो शेंगाचटणी
आणि माझा डावा गुडघा
घेऊन जाणारं,
सात रस्त्याची खानावळ, होटगी रोडचं वसतिगृह, मग एमआयडीसी,
रोज. रविवारीसुद्धा.

दस्तगीर मिस्त्री म्हणाला,
"नवी घ्यायला पैसा लागतंय आक्का,
जुनी घ्यायला कान."
आणि निघाला सोबत, खिशात एकच स्क्रूड्रायव्हर.

पहिली व्हॅन कुमठा नाक्यावर. रंग ताजा.
दाराच्या कडेला त्यानं नख लावलं,
खालून जुना निळा निघाला.
"लै पावडर लावलंय की बे हिला,"
म्हणाला, आणि चहा न पिता उठला.

दुसरीचा मीटर सांगे फक्त चाळीस हजार.
क्लचचं पेडल मात्र झिजलेलं
देवळाच्या पायरीसारखं.
मालक आईची शपथ घेत होता.
आम्ही दोघं पेडलाकडं बघत होतो.

तिसरी साखर पेठेत, पत्र्याच्या शेडमध्ये,
अंगावर विटकी चादर, मोराची.
पुष्पलता गुर्रमनं ती काढून नीट घडी घातली,
मगच बोलली.
सासरे नरसय्या हिच्यातनं टॉवेलचे गठ्ठे न्यायचे, अकरा वर्षं.
मग एक वही दिली हातात, किराणा दुकानाची, लाल:
तेल बदललं. ब्रेक बघितला. तेल बदललं.
तारीख, किलोमीटर, रुपये.
शेवटी शेवटी अक्षर थरथरलेलं,
आणि नंतरचं पान वेगळ्याच हातचं.
"मामंजी गेल्यावर गाडी कुठं जात नव्हती," ती म्हणाली,
"पण तारीख आली की मला झोप लागायची नाही."

दस्तगीरनं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं,
मूठ कानाला.
बराच वेळ.
शेजारच्या गल्लीत माग खटखटत होते, त्यांच्यावर तो चिडला,
डोळे मिटून घेतले.

काय म्हणतीय?
"काय नाय म्हणत. तेच तर पाहिजे."

मी किमतीवर घासाघीस काढणार, तेवढ्यात पुष्पलता म्हणाली,
मागचं डावं दार आतनं उघडत नाही,
आणि मे महिन्यात तापते थोडी,
चढाला घाई करू नका.
हे कुणी विचारलं नव्हतं.
मी पर्स उघडली.

एसी नाही. गाणी लागत नाहीत.
भाकऱ्यांना काही फरक पडत नाही,
मला पडतो, पण खिडकी आहे.

परवा वहीत मी पहिल्यांदा लिहिलं:
तेल बदललं.
एका रेघेखाली, तिसरं अक्षर.
माझं अक्षर शाळेपासून वाईट,
दोनदा खोडलं,
मग तसंच ठेवलं.