प्रतिसादक क्रमांक सतरा

अमरावती रोडवर, कॅम्पसच्या समोर,
झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात मी प्रबंध टाइप करते.
पानाला अठरा रुपये, तळटीपा असल्या तर वीस.
एप्रिलात कूलरचं पाणी दुपारीच संपतं
आणि सगळ्यांची जमा करायची तारीख एकच असते.

या खेपेला: असंघटित क्षेत्रातील स्त्रिया आणि लिंगभाव.
लिंगभाव येतो मला आता, म्हणजे बोटांना येतो.
न बघता मारते,
जशी आई न बघता संत्रं उचलते
आणि नुसत्या वजनावरून
या नाहीतर त्या ढिगात टाकते.

पान एकशे बारावर ती भेटली.
कळमना बाजार. वय अठ्ठेचाळीस. शिक्षण दुसरी.
काम फळांची प्रतवारी.
नाव नाही.
पण ‘वाकून वाकून कंबर परकी झाली’
हे वाक्य आमच्याच घरातलं,
मॅडमनी फक्त त्याला आंघोळ घातलीय.

त्याखाली:
सर्व मजुरी पतीच्या स्वाधीन करण्यातून
पितृसत्तेचे अंतर्गतीकरण अधोरेखित होते.

कम्प्युटरनं त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली.
त्यालाही माहीत नव्हता.

बिघडलेली प्रिंट रात्री घरी नेली.
“काय लिहलं वं माह्याबद्दल?”
मी वाचलं. बँकेतल्या बाईचं ऐकते तशी
ती मान हलवत राहिली.
“ते अंतर… म्हंजे?”
म्हणजे बाहेरचं आत जाऊन बसणं.
आपलंच वाटायला लागणं.
“मंग संत्र्याचं सांग न सरळ.
वरून चिकनं, आतून भुरकट.
अंगठा दाबला का समजते.”

मग हात पुसत म्हणाली,
“पन माह्यात नाई ते.
सारे पैसे म्या कधी देल्ले त्याले?
मॅडम आल्या तवा तो खाटीवर बसून होता न,
आयकत.”

मी फोन नाही केला.
गुरुवारी पाच प्रती द्यायच्या होत्या,
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
आणि खाट कुठल्या प्रकरणात घालतात
मला ठाऊक नव्हतं.

आई पान सोडेना.
उलटंसुलटं करून पाहिलं, आकडे तिला येतात.
“सतरा मी. मंग सोळा कोन?
पलीकडच्या गाळ्यावरची दुर्पता असंन.
वाच तिचं. हळू वाच.
तिचा तर मेला हाय नवरा.
तिनं तरी खरं सांगतलं का, पाहू.”